फळीवरचे टाळू

मी टाळू बनवतो.
विशाखापट्टणमच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
शवागाराला लागून नव्हे, कँटीनला लागून.
आधीच सांगितलेलं बरं, बायका विचारतात.

वर डॉक्टर सत्यवाणी कापतात:
वरचा अर्धा जबडा, कधी अर्ध्याहून जास्त,
चार-पाच दात, त्यांच्यामागचं छत.
मग नाक आणि तोंड एकच खोली होते.
प्यायलेलं पाणी नाकातून येतं,
शब्द नुसती हवा होऊन निघून जातात.
त्या भोकाला मी गुलाबी झाकण करतो,
तारेच्या आकड्यांनी उरलेल्या दातांना अडकवतो.

अच्चियम्मा भीमिलीच्या पलीकडून आली.
तिकडच्या जुन्या बायका चुट्टा उलटा ओढतात,
पेटतं टोक आत.
खाऱ्या वाऱ्यात विझत नाही,
कडेवरच्या पोराला चटका बसत नाही,
एक चुट्टा दुपारपर्यंत पुरतो.
आईने शिकवलं, मासा साफ करायला शिकवतात तसं.
चाळीस वर्षं तिने निखारा टाळूखाली पाळला.

किती दिवस, हे तिच्या मुलीने विचारलं, नूकरत्नमने.
डॉक्टर म्हणाल्या, कडा स्वच्छ आल्यात,
मानेतल्या गाठींत काही सापडलं नाही.
अशा शंभरजणींमधल्या बऱ्याचजणी पाच वर्षं काढतात.
बऱ्याच म्हणजे?
डॉक्टरांनी आकडा सांगितला.
तो मी इथे लिहीत नाही.
अच्चियम्माने हात हलवले,
नूकरत्नमने अर्थ लावला:
अम्मा विचारतेय, त्या शंभरजणी कुठल्या गावच्या?

माझ्या खोलीत एक फळी आहे.
तिच्यावर एकेका तोंडाचा प्लास्टरचा ठसा,
बुडाला पेन्सिलीने नाव, तारीख.
वर्ष-दीड वर्षात मांस आकसतं, झाकण सैल होतं,
नवा ठसा घ्यावा लागतो.
म्हणजे जी जगते तिची फळीवर गर्दी होते.
यर्निमाम्बाचे दोन.
सन्यासम्माचा एक, त्यावर धूळ.
डॉक्टरांच्या आलेखात रेघ पायरी पायरीने उतरते,
पण सन्यासम्मापाशी नुसती बारीक उभी खूण आहे.
मी विचारलं, इथे का नाही उतरली?
पत्ता लागत नाही, म्हणाल्या.
इथपर्यंत होती, एवढंच ठाऊक.

पहिलं झाकण बसवलं की मी प्रत्येकीला म्हणतो,
नाव सांग.
हिच्या नावात नेमका च्च.
जीभ वर जाणार, टेकणार, सुटणार.
जीभ वर गेली
आणि वर काहीतरी होतं.
ती दचकली.
"अ"
थांबली.
"अच्चियम्मा."
ओलसर, जरासं नाकातून,
पण च्च खणखणीत.
नूकरत्नम खिडकीकडे वळली.
अच्चियम्मा लगेच म्हणाली,
एवढ्याशा तुकड्याचे किती लावलेस रे?

पाच वर्षं भरली त्या आठवड्यात वादळाचा इशारा होता.
बस बंद, फोन बंद.
तारीख उलटून आठ दिवस झाले.
मी तिचे चार ठसे एकदा पुसले,
मग उगाच दुसऱ्यांदा.
नवव्या दिवशी माशांचा वास आधी आला,
मागून ती, टोपली दाराबाहेर ठेवून.

पाचवा ठसा घेताना विचारलं,
जुनी झाकणं काय करतेस?
पहिलं नातवाने नेलं, त्यात खेकड्याची पिल्लं ठेवतो.
दुसरं चुलीत पडलं. काय घाण सुटली!
तिसरं आहे कुठेतरी, पत्र्यात खोचलेलं.
आणि चुट्टा?
वहीत तसा रकाना आहे, विचारावं लागतं.
सुटला, म्हणाली.
मग जरा वेळाने:
एकदा सरळ ओढून पाहिला. काही चव नाही.

पुढच्या वर्षीची तारीख लिहून दिली.
तिने कार्ड पदराच्या गाठीत बांधलं,
पैशांच्या गाठीत नव्हे, दुसऱ्या.
तेव्हा चंदुवा स्वस्त असतो, म्हणाली,
तुझ्यासाठी चार आणते.
तळून खा, रस्सा करू नकोस,
तुम्हा शहरातल्यांना काटे काढता येत नाहीत.